शिराझचे नाव, सुरतेचे बंदर आणि ऱ्होनचे खोरे

सुरत शहराचे नाव निघाले की मराठी माणसाला प्रथम शिवछत्रपतींची १६६४ ची स्वारी आठवते आणि मग पैठणीच्या पदराला लागणारी सुरतेची जर आठवते. द्राक्षांशी या शहराचा संबंध कोणी जोडणार नाही. तापीकाठची जमीन कापसाची आणि उसाची. शिवाय गुजरातेत दारूबंदी. तथापि साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी परदेशी द्राक्षारसाची खोकी सुरतेच्या बंदरात उतरत असत आणि त्यांतील एका द्राक्षारसाचे नाव आज नाशिकच्या बाटल्यांवर छापलेले दिसते. ते नाव म्हणजे ‘शिराझ’. हे नाव इराणातून निघाले. पण ज्या द्राक्षाला ते आज लावले जाते ते द्राक्ष इराणातले नव्हे, फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या खोऱ्यातले आहे. हे कसे घडले आणि ऱ्होनच्या खोऱ्याचा एवढा लौकिक कशामुळे झाला, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम सुरतेकडे पाहू. अकबराने १५७३ मध्ये गुजरात जिंकल्यावर सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर बनले. मोठी गलबते तापीच्या मुखाजवळच्या सुवाळी येथे नांगर टाकीत आणि माल लहान होड्यांतून वा बैलगाड्यांतून शहरात जाई. १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्सचे ‘हेक्टर’ हे जहाज येथे आले. पुढे इंग्रजांनी, डचांनी आणि १६६८ मध्ये फ्रेंचांनीही सुरतेत वखार घातली. फ्रेंच वखारीचा संस्थापक फ्रांस्वा कारों हा होता. या वखारींतले गोरे व्यापारी एकत्र राहत आणि एकाच पंगतीला जेवत. १६८९ मध्ये सुरतेस आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या इंग्रज पाद्र्याने या पंगतीचे वर्णन लिहून ठेवले आहे. मेजावर दोन पेये असत: एक देशी अर्क, म्हणजे येथली गाळलेली दारू, आणि दुसरा शिराझचा द्राक्षारस.

शिराझ हे इराणच्या दक्षिण भागातील शहर. महाकवी हाफिज तेथलाच. तेथील द्राक्षमळ्यांतला रस काचेच्या बाटल्यांत भरून, गवतात गुंडाळून, खोक्यांतून इराणच्या आखातावरील बंदर अब्बास येथे येई आणि तेथून गलबताने सुरतेस पोहोचे. मुसलमानी धर्मात मद्य निषिद्ध असल्याने शिराझमध्ये तो तयार करण्याचे काम मुख्यतः यहुदी आणि आर्मेनियन लोकांकडे असे. युरोपातील द्राक्षारस आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांच्या उष्ण प्रवासानंतर येई आणि पुष्कळदा आंबून जाई. शिराझचा मार्ग त्या मानाने फार जवळचा होता. सुरतेच्या मेजावर शिराझला मान मिळाला तो या कारणाने.

या पेयाच्या पायी काय घडते हेही सुरतेने पाहिले. जहांगीर बादशहाने आपल्या मद्यपानाची कबुली स्वतःच्या आत्मचरित्रात दिली आहे. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१६ मध्ये अजमेरच्या दरबारी असता बादशहाने आपल्या वाढदिवशी त्याला मद्य पाजले. त्यात निम्मा भाग द्राक्षाचा व निम्मा गाळलेल्या दारूचा होता आणि ते इतके जहाल होते की रोला शिंका आल्या व बादशहा हसू लागला. त्याच काळात टॉमस कोरियट हा विलक्षण प्रवासी हिंदुस्थानात होता. १६०८ मध्ये तो फ्रान्समधील लियों शहरावरून, म्हणजे ऱ्होन नदी ओलांडून, इटलीस गेला होता. पुढे यरुशलेमहून इराणमार्गे पायी चालत तो अजमेरला पोहोचला. १६१७ च्या अखेरीस तो सुरतेस आला तेव्हा अतिसाराने खंगला होता. इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याच्यापुढे ‘सॅक’ नावाचा स्पॅनिश द्राक्षारस आणला. परदेशात बऱ्याच दिवसांनी मायदेशीचे पेय भेटले म्हणून त्याला मोह आवरला नाही. त्याने दुखणे बळावले आणि डिसेंबर महिन्यात तो वारला. सुवाळीच्या बाजूस एक जुनी कबर त्याची म्हणून दाखवितात.

सुरतेत द्राक्षारसाची गरज असणारे आणखी एक घर होते, ते फ्रेंच कापुचिन धर्मगुरूंचे. १६६४ च्या स्वारीत शहर लुटले जात असता शिवाजी महाराजांनी फादर आंब्रोझ यांच्या निवासाला धक्का लावू दिला नाही. फिरंगी पाद्री सज्जन आहेत असे ते म्हणाल्याची नोंद फ्रेंच वैद्य बर्निये याने केली आहे. कॅथलिक पंथाच्या मिस्साविधीत गव्हाची भाकर आणि द्राक्षारस ही दोन द्रव्ये अनिवार्य असतात. तो रस द्राक्षवेलीच्या फळाचाच, नैसर्गिक आणि न नासलेला असावा असा नियम आहे. ताडीने किंवा तांदळाच्या दारूने ते काम होत नाही. म्हणून जेथे द्राक्ष पिकत नाही तेथे मिशनऱ्यांना द्राक्षारस दुरून मागवावा लागे. विधीला लागतो तो घोटभरच. पण तेवढ्यासाठी द्राक्षवेल ख्रिस्ती धर्माबरोबर देशोदेशी फिरली.

आता ऱ्होनकडे वळू. ही नदी स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वतात उगम पावते, जिनिव्हाच्या सरोवरातून जाते, लियोंपाशी दक्षिणेकडे वळते आणि भूमध्य समुद्रास मिळते. तिची लांबी सुमारे ८१२ किलोमीटर आहे. लियोंच्या खाली व्हिएन्न या गावापासून व्हालान्सपर्यंतच्या पट्ट्याला उत्तर ऱ्होन म्हणतात. येथे खोरे अरुंद आहे आणि डोंगर नदीला भिडलेले आहेत. उतार एवढे उभे आहेत की दगडी पायऱ्या रचून, कोकणातल्या वरकस जमिनीला बांध घालावेत तशी ताली घालून, त्यांवर वेल लावावे लागतात. पुष्कळ ठिकाणी नांगर चालत नाही. सारे काम माणसाच्या हातांनी होते. पाऊस माती खाली वाहून नेतो आणि माणूस ती पुन्हा वर चढवितो. ‘कोत-रोती’ या एका उताराच्या नावाचा अर्थच ‘भाजलेला उतार’ असा आहे, कारण तो दिवसभर उन्हाकडे तोंड करून असतो.

या पट्ट्यातील सर्वांत नामांकित टेकडी म्हणजे ‘एर्मिताज’. तॅं या गावामागे ती उभी आहे. मुख्यतः ग्रॅनाइट खडकाची, दक्षिणाभिमुख, आणि सुमारे १३५ हेक्टर, म्हणजे ३४० एकरांच्या आसपास. आपल्याकडील एखाद्या मध्यम गावाचे शिवारही याहून मोठे असते. उत्तरेकडून ‘मिस्त्राल’ नावाचा थंड, कोरडा वारा खोऱ्यातून घोंघावत येतो. वेल मोडू नयेत म्हणून ते खुंटांना बांधतात. पण हाच वारा पाने कोरडी ठेवतो आणि बुरशीचे रोग दूर राखतो. येथे तांबड्या रसासाठी एकच द्राक्ष लावतात, ते म्हणजे ‘सिरा’. पांढऱ्या रसासाठी ‘मार्सान’ आणि ‘रुसान’ ही द्राक्षे आहेत. शेजारच्या कोंद्रिय गावी ‘व्हियोन्ये’ नावाचे सुगंधी द्राक्ष पिकते.

तांबडा आणि पांढरा असा भेद का पडतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस आतून फिकाच असतो. रंग असतो तो सालीत. द्राक्षे चिरडली म्हणजे किण्व रसातील साखरेचे मद्यार्क आणि कर्बवायू यांत रूपांतर करते. या क्रियेच्या काळात साली रसातच ठेवल्या तर त्यांचा रंग व तुरटपणा रसात उतरतो आणि तांबडा द्राक्षारस होतो. साली आधीच काढल्या तर पांढरा होतो. सिरा द्राक्षाची साल गडद असते. म्हणून एर्मिताजचा रस काळपट तांबडा, तुरट आणि मिऱ्यासारखा तिखट वासाचा होतो. तो लाकडी पिंपांत व नंतर बाटल्यांत कित्येक वर्षे ठेवला तर मऊ पडतो. एके काळी बोर्दोचे व्यापारी आपला फिका माल दमदार करण्यासाठी त्यात एर्मिताजचा रस मिसळीत. इतरांच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या मालाला बळ पुरविण्याचे काम या टेकडीने बराच काळ केले.

एर्मिताज या शब्दाचा अर्थ तपस्व्याची कुटी. दंतकथा अशी की गास्पार द स्तेरिंबेर हा योद्धा १२२४ च्या सुमारास युद्धाला विटून या टेकडीवर एकांतवासाला आला. टेकडीच्या माथ्यावर संत ख्रिस्तोफरचे लहानसे चॅपेल आहे. कथेचा एक पाठ असा की त्याने पूर्वेकडून, साक्षात शिराझहून, द्राक्षाचे कलम आणले आणि त्यावरूनच द्राक्षाला सिरा असे नाव पडले. नावाचे साम्य इतके जवळचे की पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी यावर विश्वास ठेवला. पण या खोऱ्यात रोमन काळापासून द्राक्षमळे होते. व्हिएन्नच्या द्राक्षारसाचा उल्लेख पहिल्या शतकातील प्लिनीच्या ग्रंथात आहे. अखेर १९९८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठ व फ्रान्समधील माँपेलिये येथील संशोधकांनी वेलीच्या अनुवंशद्रव्याची तपासणी केली. सिराचे आईबाप निघाले ‘मोंदझ ब्लांश’ आणि ‘द्युरेझा’, ही दोन्ही आग्नेय फ्रान्समधलीच द्राक्षे. इराणचा संबंध राहिला तो नावापुरता.

मग सिराचे शिराझ कोठे झाले? जेम्स बझ्बी या गृहस्थाने १८३१ मध्ये फ्रान्स व स्पेनमधून अनेक जातींची द्राक्षकलमे गोळा केली आणि पुढील वर्षी ती ऑस्ट्रेलियास पोहोचली. त्यांत हेही द्राक्ष होते. ऑस्ट्रेलियात त्याला शिराझ हे नाव रुळले आणि तेथून ते जगभर गेले. इंग्रजी बोलणाऱ्या ग्राहकाला हे नाव परिचित व भारदस्त वाटले, यात नवल नाही. सुरतेच्या वखारीच्या काळापासून ते इंग्रजांच्या कानावर होते.

दक्षिण ऱ्होनचा देखावा निराळा आहे. तेथे खोरे रुंद होते, ऊन वाढते, रानात सुगंधी झुडपे दिसू लागतात. १३०९ ते १३७७ या काळात पोपमहाशयांचा निवास रोमऐवजी तेथील आव्हिन्यों शहरी होता. पोप जॉन बाविसावे यांनी जवळच्या एका गावी किल्लेवजा वाडा बांधला आणि त्या गावच्या द्राक्षमळ्यांना आश्रय दिला. आज त्या गावाचे नाव ‘शातोनफ-द्यु-पाप’, म्हणजे पोपचा नवा वाडा, असे आहे. तेथल्या पुष्कळ मळ्यांत माती दिसतच नाही. नदीने हजारो वर्षांत घासून गुळगुळीत केलेले गोटे पसरलेले दिसतात. ते दिवसा तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. येथे मुख्य द्राक्ष ‘ग्रनाश’, आणि त्याच्या जोडीला सिरा, मूर्व्हेद्र व इतर अनेक.

याच पोप जॉन बाविसाव्यांचा आपल्या किनाऱ्याशीही संबंध आहे. १३२१ मध्ये ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना देहान्त झाला. त्यांची बातमी भडोचकडे निघालेल्या जॉर्डानस या दक्षिण फ्रान्समधील डोमिनिकन धर्मगुरूला सोपाऱ्यास कळली आणि त्याने त्यांचे देह सोपाऱ्यास आणून पुरले. १३२९ मध्ये पोप जॉन यांनी त्यालाच कोल्लमचा बिशप नेमले. म्हणजे सुरतेत कोणतीही युरोपीय वखार निघण्यापूर्वी पावणेतीनशे वर्षे या किनाऱ्यावरून एक वाट ऱ्होनकाठी जात होती.

ऱ्होनच्या लोकांचे खरे वैशिष्ट्य कोणते? टेकडी, वारा आणि गोटे ही निसर्गाची देणगी आहे. माणसांनी केले ते असे, की नावाची राखण केली. नाव प्रसिद्ध झाले की नकली माल येतोच. १७३७ मध्ये राजाज्ञा झाली की रोकमोर या बंदरावरून जाणाऱ्या पिंपांवर कोत-द्यु-ऱ्होनची आद्याक्षरे डागावीत. पुढे १९२३ मध्ये शातोनफच्या शेतकऱ्यांनी बॅरन ल रुआ या वकिलाच्या नेतृत्वाखाली स्वतःवरच नियम घालून घेतले. ज्या रुक्ष जमिनीत लॅव्हेंडर आणि थाइम ही झुडपे येतात तीच जमीन गावच्या द्राक्षारसाला योग्य; कोणती द्राक्षे लावावीत, वेल कसा छाटावा, रसात मद्यार्क किमान किती असावा, हे सारे ठरले. जास्त पीक काढून जास्त पैसा मिळविण्याची वाट त्यांनी आपण होऊन बंद केली. याच धर्तीवर १९३५ मध्ये फ्रान्सने देशव्यापी कायदा केला आणि १९३६ मध्ये त्या कायद्याखाली पहिल्याने मान्य झालेल्या नावांत शातोनफ-द्यु-पाप होते. देवगडचा हापूस, घोलवडचा चिकू ही नावे आपण ज्या अर्थाने घेतो तोच अर्थ फ्रेंचांनी कायद्यात उतरविला. सुरतेच्या जरीलाही आज भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण आहे.

या खोऱ्याने संकटही सोसले. १८६३ च्या सुमारास दक्षिण ऱ्होनमध्ये वेली कारण न कळता वाळू लागल्या. १८६८ मध्ये प्लांशों या वनस्पतिशास्त्रज्ञाने मुळे उपटून पाहिली तेव्हा त्यांना चिकटलेला पिवळसर सूक्ष्म कीटक दिसला. हा फायलोक्सेरा अमेरिकेतून आला होता. काही दशकांत फ्रान्सचे बहुतेक मळे उजाड झाले आणि हजारो कुटुंबे रस्त्यावर आली. उपाय सापडला तोही अमेरिकेतच: तेथील रानद्राक्षाची मुळे या किडीला दाद देत नाहीत. म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच डोळा असे कलम करण्यास सुरुवात झाली.

नाशिकच्या शेतकऱ्याला हे वाचून परके वाटणार नाही. क्षार आणि पाण्याची टंचाई सोसण्यासाठी तोही आज ‘डॉगरीज’ या अमेरिकन खुंटावरच वेल चढवितो. बोर्दो हे जगप्रसिद्ध नाव तर त्याला मदिरेमुळे ठाऊक नसून मोरचूद व चुन्याच्या ‘बोर्डो मिश्रणा’मुळे ठाऊक आहे, केवड्यावरचे ते औषध बोर्दोचे प्राध्यापक मियार्दे यांनी १८८५ मध्ये जाहीर केले. भेद आहे तो ऋतूंचा. ऱ्होनमध्ये वेल हिवाळ्यात झोपतो, वर्षातून एकदा छाटला जातो आणि सप्टेंबरच्या सुमारास द्राक्षे उतरतात. महाराष्ट्रात वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी, अशा दोन छाटण्या करून शेतकरी त्याला वळण लावतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये, थंड रात्री व कोरडे दिवस साधून, द्राक्षे तोडतो. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केल्यावर नाशिक परिसरात मदिरेचे कारखाने वाढले; तेथे सिरा द्राक्ष शिराझ नावाने चांगले रुजले आहे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंदही झाली आहे.

पण नोंद होणे आणि नाव होणे यांत अंतर आहे. फ्रान्समधील नियम शेतकऱ्याने पाळले, कारण ते त्याने स्वतः केले होते आणि त्यांचा लाभ त्याच्या घरी येत होता. नाशिकच्या शेतकऱ्याला मदिरेच्या द्राक्षाचा भाव कारखान्याशी झालेल्या करारावर अवलंबून असतो. करार मोडला तर ते द्राक्ष खाण्यासाठी बाजारात चालत नाही, कारण त्याचे मणी लहान, बियांचे आणि जाड सालीचे असतात. तेव्हा बाटलीवर गावाचे नाव लिहायचे असेल तर त्या गावच्या माणसाचा वाटा त्यात किती, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. कोणत्या उताराला कोणते द्राक्ष मानवते, हे एर्मिताजला शतकानुशतके पाहून कळले. तेवढा धीर उसन्या नावाने मिळत नाही.

राहिला मद्यपानाचा प्रश्न. ऱ्होनचा इतिहास सांगणे म्हणजे दारूची भलामण करणे नव्हे. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा राज्य वेगळे झाल्यानंतरही गुजरातने चालू ठेवला. त्यामागे कष्टकरी घरांचा, विशेषतः स्त्रियांचा, अनुभव आहे. त्याच कायद्याने ख्रिस्ती धर्मविधीला लागणाऱ्या द्राक्षारसाची सोय ठेवली आहे. एकच पदार्थ एका ठिकाणी पवित्र ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी कोरियटसारख्याचा घात करतो. फरक पडतो तो मात्रेने आणि हेतूने.

शिराझ शहरात १९७९ च्या क्रांतीनंतर मद्यनिर्मितीस बंदी आहे. ज्या सुरतेत तो द्राक्षारस उतरत असे तेथेही बंदी आहे. ज्या द्राक्षाला ते नाव मिळाले ते त्या शहराचे नव्हतेच. नाशिकच्या एखाद्या बाटलीवर ‘शिराझ’ हा शब्द दिसला तर तो या लांबच्या प्रवासाची खूण म्हणून वाचावा. पण त्याच बाटलीवर खाली बारीक अक्षरांत असलेले गावाचे आणि तालुक्याचे नावही अवश्य वाचावे. ऱ्होनकाठच्या शेतकऱ्यांनी जे नाव मोठे केले ते त्यांच्या गावाचे होते.